पायपेटी पाहिजे

मला पायपेटी हवी होती. हातपेटी घरात होती, माहेरून आलेली, सुरात चांगली. पण हातपेटीत डावा हात कायम भात्याला जुंपलेला असतो. पायपेटीत हवा पायांनी भरायची आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. दिवसभर पतसंस्थेत पासबुकं भरायची, घरी आल्यावर भाकऱ्या थापायच्या, अशा बाईला दोन्ही हात मोकळे ठेवून काही वाजवावंसं का वाटतं, हे मी कुणाला समजावून सांगू शकले नसते. माझ्या नवऱ्यानं मात्र कधी विचारलं नाही.

पावसजवळच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला नाटक व्हायचं आणि मंडळाच्या पायपेटीवर माझे वडील साथ करायचे. मी तालमींना त्यांच्या शेजारी बसून नुसती बघत असे. अठ्ठ्याण्णव साली मंडळानं इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला. पायपेटी सभामंडपामागच्या खोलीत गेली आणि तिथे वाळवीनं तिचा भुगा केला. त्या वर्षीपासून बाबा साथीला बसायचे थांबले. पुढे ते गेले आणि माझ्या मनात ती पायपेटी राहून गेली.

नवीन पायपेट्या तोवर कुणी फारशा बनवत नव्हतं. जुनी मिळाली तरच. रत्नागिरीत ज्यांच्याकडे होती त्यांनी ती केव्हाच मोडीत घातली होती. मग आमच्या पतसंस्थेत इंटरनेट आलं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा अर्धा टाकून संगणकापुढे बसायला लागले. जुन्या वस्तूंच्या फुकट जाहिरातींची एक वेबसाइट होती. तिथे सोफे होते, मोटारसायकली होत्या, कुणाचा फिशटँक होता. पायपेटी नव्हती. म्हणून मीच जाहिरात टाकली. मराठी टाइप करायची सोय नव्हती, तेव्हा इंग्रजी अक्षरांत लिहिलं: जुनी पेटी पाहिजे, रत्नागिरी. खाली मोबाइल नंबर.

दिवस एप्रिलचे होते. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

"मॅडम, पेटी काय भावानं देताय?"

"देत नाही, मला पाहिजे आहे."

"अहो, पण रत्नागिरीच ना? हापूसच ना? पाच डझनी का सहा?"

पुण्याहून, नाशिकहून, एकदा तर इंदूरहून. मी प्रत्येकाला सांगत होते, ही वाजवायची पेटी. एक गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, "ते ठीक आहे, पण आंबा पाठवाल ना?" नवरा हसून म्हणाला, "दोन महिने नोकरी सोड, दलाली कर."

शेवटी मी जाहिरात बदलून 'पेडल ऑर्गन' असं लिहिलं. मग आंबा थांबला आणि दुसराच त्रास सुरू झाला. सांगलीच्या एकानं ऑर्गन आहे म्हणून फोटो पाठवला, तो मुलांच्या खेळण्यातला निघाला. एकजण म्हणाला, आधी पैसे भरा, पेटी ट्रान्सपोर्टनं टाकतो. नवऱ्यानं त्याला फोनवर पेटीचा आवाज ऐकवायला सांगितलं, तर त्यानं फोनच ठेवला.

पेटी आली तर ठेवायला जागा हवी, म्हणून मी बाहेरच्या खोलीतला आमचा दिवाण त्याच साइटवर विकायला काढला. लोक फोन उचलल्या उचलल्या विचारत, "लास्ट किती?" पहिला किती ते ऐकायच्या आधीच! चिपळूणहून एक जोडपं आलं, त्यांनी दिवाणावर बसून बघितलं, आडवं होऊन बघितलं, चहा घेतला, शुक्रवारी टेम्पो आणतो म्हणाले. त्या शुक्रवारी मी गाद्या काढून, दिवाण पुसून बसले होते. त्यांचा फोन बंद. असं झालं की माणसाला आपलीच वस्तू परकी वाटायला लागते. दिवाण शेवटी आमच्या शेजारच्यांनीच नेला, तोही जाहिरात न वाचता.

जागा रिकामी झाली आणि पुढे बरेच महिने रिकामीच राहिली. आल्यागेल्याला मी सांगत असे, इथे पायपेटी येणार आहे.

मग एका दुपारी ती जाहिरात दिसली. पेडल ऑर्गन, चांगल्या स्थितीत, आंजर्ले. फोटो धुरकट होता. शिसवी लाकूड, वर विणलेला रुमाल आणि त्यावर टेलिफोनच्या दोन जाड डिरेक्टऱ्या. नंबर मुंबईचा होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. पलीकडचे गृहस्थ नम्र पण घाईत होते.

"हो, आहे अजून. आमचं गावचं घर आहे, आई असते तिथे. तुम्ही केव्हाही जाऊन बघा. मी आईशी बोलतो."

नवरा मिरजोळ्याला एमआयडीसीत लेथ चालवतो. यंत्राचं काही असलं की त्याला आधी उघडून बघायचं असतं. तो म्हणाला, "टेम्पो नको लगेच. आपण बघून येऊ. वाळवी असली तर?" रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही दापोलीला गेलो, तिथून दुसरी एसटी, मग खाडी होडीनं ओलांडली. होडीत मी त्याला विचारलं, "आवडली तर आजच पैसे देऊया?" तो म्हणाला, "तुला न बघताच आवडलेली आहे."

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात एक सत्तरीच्या पुढच्या बाई सुपाऱ्या वाळत घालत होत्या. लहान चणीच्या, काटक. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली.

"कोण पाहिजे?"

"काकू, तुमच्या मुलाशी बोलणं झालंय. पायपेटी बघायला आलो."

"कशाला?"

"म्हणजे... विकायची आहे ना? जाहिरात बघितली."

"कुठे?"

"इंटरनेटवर."

त्यांनी हातातल्या सुपाऱ्या खाली ठेवल्या. हात झटकले. मग म्हणाल्या, "माझी पेटी इंटरनेटवर आहे होय! मला वाटलं माजघरात आहे."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली. "माफ करा हं. आम्हाला माहीत नव्हतं. निघतो आम्ही."

"निघता कुठे? आता होडी दुपारशिवाय नाही. बसा." आणि त्या आत गेल्या.

आतून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता. "विचारायचं तरी होतंस... नाही रे, रागावले नाही... हो, आहेत ती माणसं अंगणात... आता काय, जेवायला घालते." बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या. "मला न विचारता टाकलंन् त्यानं. म्हणतो, तू मुंबईला आलीस की ती तिथं पडून राहणार. ते खरंच आहे. पण मी मुंबईला येत्ये असं म्हटलं कुणी?"

इतकी वाट बघून, इतक्या लांब आले होते, पेटी पलीकडच्या खोलीत होती आणि मला साधं बघू का म्हणायचाही धीर होत नव्हता. त्यांनीच विचारलं, "तुला कशाला हवी गो?"

मी सांगितलं. दोन्ही हात मोकळे राहतात, एवढंच सांगितलं.

त्यांनी आपले हात पुढे केले. बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, अंगठे आत वळलेले. "माझेपण मोकळेच आहेत बघ," त्या म्हणाल्या. "ये आत."

पेटी फोटोतल्यापेक्षा मोठी होती. डिरेक्टऱ्या आणि रुमाल काढल्यावर झाकणावर पितळेची दोन कुलपं दिसली, घासून लख्ख केलेली. त्यांच्या सासऱ्यांनी ती बंद पडलेल्या एका नाटक कंपनीकडून घेतली होती आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला स्वतः शिकवली होती. "मामंजी वाजवायचे तेव्हा घरात कुणी जेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "नंतर मी वाजवायला लागल्ये तेव्हा सगळे खुशाल जेवायचे." आणि हसल्या.

मी बसले. पाय मारायला लागले आणि सूर धरला, तर पाय थांबले. पायांकडे लक्ष दिलं तर बोटं चुकली. आयुष्यभर जी गोष्ट वाजवायची स्वप्नं बघितली ती मला वाजवताच येत नव्हती. आवाज धापा टाकल्यासारखा येत होता. मला रडू यायचं बाकी होतं.

"सरक," काकू म्हणाल्या. त्या बाकावर माझ्या डाव्या अंगाला येऊन टेकल्या, मला पाय उजवीकडे घ्यायला लावले आणि आपले दोन्ही पाय भात्याच्या पावट्यांवर ठेवले. "मी मारत्ये. तू वाजव."

हवा भरली. मी भैरवीतलं एक पद सुरू केलं, बाबांचं आवडतं. त्यांचे पाय घड्याळासारखे चालले होते, न थकता, न चुकता. आवाजानं भिंती भरून गेल्या.

"डाव्या हाताला झोप लागलीय का?" त्या कानाशी म्हणाल्या. "खाली जा, खर्जात. जा की."

मी डावा हात खाली नेला. एवढा वेळ काय करायचं ते न कळून तो नुसता पट्ट्यांवर ठेवलेला होता. खर्ज लागला आणि माझ्या मांड्यांपर्यंत तो हादरा आला. पद संपल्यावर मी वळून बघितलं, तर नवरा पडवीतून उठून दाराशी येऊन उभा होता.

जेवताना मी म्हटलं, "काकू, पेटी राहू दे. मला पाहिजे आहे, पण राहू दे."

"देणार नाहीच आहे मी," त्या म्हणाल्या. "मी इथं आहे तोवर नाही. मग तूच ने. पण तोवर येत जा अधूनमधून. पाय माझे अजून चालतात."

मी गेले. दिवाळीच्या सुट्टीत गेले, शिमग्यानंतर गेले, मे महिन्यात नवऱ्याला घेऊन दोन दिवस राहिले. दर वेळी तेच, बाकावर दोघी. त्या मला त्यांच्या सासऱ्यांच्या जागा दाखवायच्या, इथे थांब, इथे नको घाई. मधल्या काळात मुलाला मी एकदा फोन करून जाहिरात काढायला सांगितलं. तो ओशाळून म्हणाला, "हो, राहूनच गेलंय. पासवर्डच आठवत नाही हो. बघतो."

पुढच्या पावसाळ्यात मी आंजर्ल्याला फोन लावला, तर नुसती रिंग वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मुंबईला लावला. काकू मागच्या अंगणात शेवाळ्यावरून घसरून पडल्या होत्या, खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं होतं, आता बऱ्या होत्या, मुलाकडे होत्या.

"आणि पेटी?" मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली.

"गेली हो ती. कोल्हापूरकडचा एकजण त्या जाहिरातीवरून सारखे फोन करत होता. आईचं सगळं हॉस्पिटल चालू होतं, घर बंद, पाणी गळत होतं माजघरात. तो म्हणाला, उद्याच टेम्पो आणतो. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. मी म्हटलं, न्या." मग घाईघाईनं म्हणाला, "मला तुमची आठवण झाली होती, खरंच. नंबर जुन्या फोनमध्ये राहिला होता."

मी ऐकत होते.

"एक विनंती आहे. आईला मी सांगितलंय की पेटी तुम्ही नेलीत. ती सारखी विचारत होती, तिची झोप उडाली होती. तिचा फोन आला तर जरा सांभाळून घ्याल का?"

त्या दिवशी मी घरी आले आणि बाहेरच्या खोलीतल्या त्या रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसले. नवऱ्यानं दिवा लावला, माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर चढवला. मला राग कुणाचा आला होता तेच कळत नव्हतं. त्या माणसानं आईसाठी जे सुचलं ते केलं होतं. पण माझ्या नावावर एक पेटी जमा झाली होती जी माझ्याकडे नव्हती, आणि ती मला किती हवी होती ते फक्त मला माहीत होतं.

काकूंचा फोन पुढच्या रविवारी घरच्या नंबरवर आला. आवाज बारीक झाला होता.

"पोचली ना नीट? ओल नाही ना तुझ्याकडे?"

"नाही काकू."

"वाजवून दाखव बघू. मी इथे पडून आहे. ऐकत्ये."

मी रिसीव्हर स्टुलावर ठेवला. हातपेटी पुढ्यात ओढली. भैरवीतलं तेच पद पूर्ण वाजवलं. मग रिसीव्हर कानाला लावला.

"छान," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हातपेटी गोड आहे हो तुझी."

मी रडायला लागले.

"रडू नको. कुणी नेलीन्?"

"कोल्हापूरकडचा कुणीतरी."

"म्हणजे मुलगाच खोटं बोलला माझ्याशी. पोचली असं तू म्हणालीच नाहीस, तू वाजवलंस." त्यांना दम लागला होता. "त्याला मी काही म्हणणार नाही. माझ्यासाठी धावतोय बिचारा. तू एक कर. ती कुठे आहे तेवढं मला शोधून दे. परत नको, आता मी काय करणार? पण कुठे आहे ते कळू दे."

मुलाकडून मी त्या कोल्हापूरकडच्या माणसाचा नंबर घेतला. तो जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. पहिल्यांदा म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, आंजर्ल्याची ना, ती केव्हाच दिली. कुणाला ते सांगायला तयार नव्हता. माझ्याकडे ग्रामोफोनचा कर्णा आहे, घेता का, असंच विचारत राहिला. नवऱ्यानं एके दिवशी त्याच्याशी बोलून, त्याच्या टेम्पोच्या इंजिनाची चौकशी करून, गप्पा मारून ते काढून घेतलं. पेटी आमच्याच जिल्ह्यात परत आली होती. शहराच्या उत्तरेला, किनाऱ्याच्या रस्त्यावर एका नव्या रिसॉर्टनं ती घेतली होती.

स्कूटरवरून आम्ही गेलो. दारातच थंडगार हवा अंगावर आली. स्वागतकक्षात, मोठ्या काचेशेजारी ती होती. पॉलिश करून इतकी चकचकीत केली होती की आधी ओळखलीच नाही. पितळी कुलपांवरून ओळखली. वर फुलदाणी आणि सहलींची माहितीपत्रकं.

"फोटो काढा हवा तर," तिथला मॅनेजर म्हणाला, "पण हात लावू नका प्लीज."

तो वळल्यावर मी एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. नवरा बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं गुडघ्यावर बसला आणि आत डोकावला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "भाता काढून टाकलाय. आत दिवे बसवलेत, संध्याकाळी लावत असतील. आतले पितळी सूर पण नाहीत. ते आधीच कुणीतरी काढून विकलेत." परत येताना स्कूटरवर तो मोठ्यानं म्हणाला, वाऱ्यामुळे की कशामुळे कोण जाणे, "भाता मी केला असता गं. सूर कुठून आणणार?"

त्या रात्री मी ठरवलं होतं की काकूंना काहीतरी बरं सांगायचं. रविवारी त्यांचा फोन आला.

"सापडली?"

"सापडली. इथेच आहे, समुद्राशी. मोठी काच आहे, तिथून सगळा समुद्र दिसतो."

"बरं आहे मग. आमच्या माजघरातून नुसता ऐकू यायचा." मग म्हणाल्या, "वाजवतं कोण?"

मागे त्यांच्या मुलाच्या घरातला टीव्ही चालू होता. मला खोटं बोलता आलं असतं.

"कुणी नाही काकू. आत सूर नाहीत."

त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. इथे पडल्या पडल्या मला सारखं वाटायचं, कुणीतरी तिच्यावर वेडंवाकडं वाजवत असेल." हसल्या, खोकल्या. "तुझी काढ. वाजव काहीतरी."

मग तो रिवाजच पडला. रविवारी दुपारी फोन, स्टुलावर रिसीव्हर, हातपेटी. मध्येच त्यांचा आवाज बारीक येत असे, घाई नको, घाई नको. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मुलाचा फोन आला आणि बोलता बोलता तो हुंदके देऊन रडला. मी त्याला म्हटलं, तुम्ही त्यांच्यासाठी पुष्कळ केलंत. ते खरंच होतं.

पायपेटी मला अजून मिळालेली नाही. जेवणाच्या सुट्टीत मी अजून त्या जाहिराती बघते. मध्यंतरी मालवणची एक दिसली. फोन लावला, तर एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "ती गेली हो बाई, मागच्या वर्षीच. जाहिरात काढायची राहिली."

मी ठेवणार होते, पण विचारलं, "वाजत होती का?"

"वाजत होती म्हणजे? अहो, माझी बहीण वाजवायची. खाली रस्त्यावर माणसं थांबायची." मग त्यांनी बहिणीचं सांगायला सुरुवात केली. ती कुठे शिकली, कुठल्या नाटकांना बसली, लग्न होऊन गेल्यावर घर कसं मुकं झालं. सुट्टी संपली, काउंटरवर माणसं येऊन उभी राहिली, मी त्यांना हातानं थांबा म्हटलं. फोनवर ते बोलत होते आणि मी ऐकत होते.